फेट्यातला फोटो

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. इस्लामपूर

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साखर कारखान्याकडून दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी ती कोरीच राहते. पलटणीत असताना ते रोज लिहायचे म्हणे. आता विचारलं तर म्हणतात, "काय लिवू? ऊस वाढला?" यंदाची मी मागून घेतली. ऑगस्ट उजाडला तरी हरकत नाही, लिहिण्यासारखं आत्ताच सुरू झालंय.

आज सांगलीला हंबीरकाकांच्या दुकानात बसलो होतो. हंबीरराव म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरच्या धंद्यातले इकडचे सगळ्यात जुने दुकानदार. वाईहून रेश्मा आली होती. तिचा दुरुस्तीचा आणि शिकवणीचा व्यवसाय. तिसरा मी, पतसंस्था आणि दूध डेअऱ्यांची सॉफ्टवेअरं करणारा. एरवी आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो, आज एका ताटात भडंग खाल्लं.

कारण सरळ आहे. ऑक्टोबरात जुन्या विंडोजला कंपनीची साथ संपतेय, आणि नवीन विंडोज आमच्या गिऱ्हाइकांच्या म्हाताऱ्या मशिनांवर चालत नाही. रेश्मा म्हणाली, सगळ्यांना लिनक्सवर आणू. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी अशी प्रणाली. जुन्या मशिनवर मजेत चालते, वर मराठीत आहे. पण एकट्यादुकट्याचं काम नाही. माझं सॉफ्टवेअर तिच्यावर चाललं पाहिजे, काकांचे प्रिंटर चालले पाहिजेत आणि माणसांना शिकवायला रेश्मा पाहिजे. म्हणून मंडळ काढलं. मी सेक्रेटरी. चांगलं काहीतरी करतोय असं फार दिवसांनी वाटलं.

२९ ऑगस्ट

नाचक्की. मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुकट हाय म्हंता, मग खोट काय हाय तिच्यात?" मेढ्याला डेअरीचे चेअरमन त्याहून वरचढ. "कुणी केलीया? त्याचं गाव सांगा. बिघडली तर कुणाच्या दारात जायाचं?" मी म्हणालो, एकानं नाही, हजारो लोकांनी केलीय. त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

येताना गाडीत हंबीरकाका म्हणाले, "ऋषी, बिनधन्याची म्हस दारात आली तर तू बांधशील का? न्हाई बांधणार. ह्यांना धनी पायजे गड्या."

रेश्मा मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "काका, ती म्हैस नाहीये."

"अगं पर गिऱ्हाईक तर गिऱ्हाईकच हाय की," काका म्हणाले. हसू आलं मला.

६ सप्टेंबर

धनी सापडला. मीच.

प्रणालीचं नाव ठेवलं 'कृष्णाई'. पडद्यावर कृष्णेच्या घाटाचा फोटो, सुरू होताना हलगी वाजते. काकांना हलगी इतकी आवडली की त्यांनी मशिन दहादा बंद-चालू केलं. बदल करायची मोकळीक आहेच, त्यामुळे यात काही वावगं नाही.

'याच्याविषयी' म्हणून एक खिडकी असते. तिथं प्रणाली करणाऱ्यांची नावं होती, लांबच लांब. जर्मन, जपानी, कुठली कुठली. एकेका भाषेखाली भाषांतर करणाऱ्यांची नावं. मराठीखाली एकच होतं, बाईचं. ती यादी काढली आणि माझं नाव, इस्लामपूरचा पत्ता, फोन नंबर टाकला. काका म्हणाले, फोटो टाक, माणूस दिसला पायजे. चुलतभावाच्या लग्नातला फेट्यातला फोटो टाकला. बरा दिसतो.

रेश्मा कुरकुरली. "ऋषीदादा, नाव बदला, घाट लावा, काय वाटेल ते करा. पण केलेल्यांची नावं काढू नका. वापरायच्या परवानगीची अटच आहे ती." मी म्हणालो, जर्मन माणूस जतला येऊन बघणार आहे का? तिला प्रत्येक गोष्टीत नियम लागतो.

२१ सप्टेंबर

धडाका लागलाय. ज्यांनी चहावर बोळवण केली होती तेच आता बोलावतात. मेढ्याच्या चेअरमननी 'याच्याविषयी' उघडून फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाले, "व्हय, ह्योच."

एक गोष्ट लिहून ठेवतो. यातलं मराठी फार गोड आहे. सरकारी कागदासारखं नाही. मशिन कामात असलं की पडद्यावर येतं, 'दम धरा, काम चाललंय.' चुकून काही पुसलं तर, 'माघारी आणू का?' डेअरीतला क्लार्क वाचून खुदकन हसला. म्हणाला, "साहेब, ह्ये तुमीच लिवू जाणं." मी हसलो फक्त. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

१४ ऑक्टोबर

आज ती तारीख, जुन्या विंडोजची साथ संपायची. फोन खाली ठेवला नाही. जेवणसुद्धा उभ्यानं.

९ नोव्हेंबर

आज गावात सत्कार झाला आणि मी तो करून घेतला.

मी कुणाला करा म्हणालो नव्हतो, हे खरं. एसटी स्टँडबाहेर माझा एवढा मोठा फ्लेक्स, 'इस्लामपूरच्या सुपुत्राने बनवली स्वदेशी संगणक प्रणाली'. पहिल्यांदा वाचला तेव्हा ब्रेकवर पाय गेला. वाटलं, काढायला सांगावं. मग आबा दिसले. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचत होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली, परेडला लावतात तशी. मी गाडी न थांबवता पुढे गेलो.

व्यासपीठावर एका गुरुजींनी माझं कौतुक केलं. 'दम धरा' या शब्दांत आपल्या मातीचा वास आहे, ते कुठून सुचले असं विचारलं. लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमची आजी धोंडुबाई, चुलीवर काही ठेवलं आणि आम्ही घाई केली की म्हणायची, दम धर रं पोरा." टाळ्या पडल्या.

आजी असं कधी म्हणायची नाही. ती सरळ पळी फेकून मारायची.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "आईची आठवण काढलीस, बरं केलंस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लगेच वाटलं, एवढं काय त्यात. कुणाचं काही गेलं का?

२० नोव्हेंबर

रेश्माशी भांडण. तिला सत्काराचा व्हिडिओ मिळाला. "बनवली म्हणून सांगितलंत?" मी म्हणालो, मी नाही, फ्लेक्सवाल्यानं सांगितलं. "आणि आजी?"

मी म्हणालो, तुझी शिकवणी जोरात चाललीय ना, मग झालं तर. हे बोलायला नको होतं. चूक माझीच. उद्या फोन करीन.

४ डिसेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहितो.

जतच्या बाजूला एका गावात पतसंस्थेत 'कृष्णाई' बसवून महिना झाला. आज तिथं उद्घाटन ठेवलं होतं. काका आणि मी गेलो. बाजाराचा दिवस, त्यामुळे संस्थेच्या ओट्यावर गर्दी होती. नारळ फुटला, पेढे वाटले.

तेवढ्यात एक माणूस आत आला. धनगर, साठीचा, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. मागं आठदहा माणसं, त्याची भावकी. दोन म्हातारी, बाकी तरणी. मॅनेजरना तो म्हणाला, "मी धुळा. वरच्या वस्तीवरला. तुमच्या काम्पुटरात माज्या लेकीचं नाव हाय, ते ह्यास्नी दावा की."

मॅनेजर हसले. "तुझ्या लेकीचं नाव इथं कशाला असंल?"

"हाय. समीक्षानं सांगितलंय. ह्यातलं समदं मराठी तिनं लिवलंय. चार वर्सं बसून लिवलंय. रुपाया मिळंना म्हणून मीच बोलायचो तिला. परवा ती संस्थेत पैसं काढाय आली, तवा तिला तिचंच शबुद दिसलं." मग भावकीकडं वळून म्हणाला, "बघा आता."

मराठीखालचं एकच नाव. बाईचं. मी ते वाचलं होतं, काढलं होतं आणि विसरलो होतो.

मॅनेजरनी 'याच्याविषयी' उघडलं. पडद्यावर मी, फेट्यात.

मग मागचा एक तरणा हसला. "चुलत्या, तुजी लेक फेटा कवापासनं बांधाय लागली?" सगळी भावकी हसली. ओट्यावरची माणसंही हसली. धुळाच्या चेहऱ्याकडं बघवेना. तो पडद्याकडं बघत राहिला, जणू थोडा वेळ थांबलं तर नाव येईल.

मग मॅनेजर मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा याला."

सगळे माझ्याकडे वळले. काकांनी माझ्या कोपराला हात लावला. आणि मी धुळाला म्हणालो, "नाही हो काका. असं काही नाव नाहीये यात. काहीतरी गैरसमज झालाय."

धुळानं मान हलवली. "पोरगी खोटं बोलली म्हनायची मग," तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच. माणसं बाजूला झाली आणि तो एकटाच बाहेर गेला. भावकी पेढे घ्यायला थांबली.

५ डिसेंबर

झोप नाही. मी खोटं बोललो नाही, असंही सकाळी स्वतःला सांगून बघितलं. खरंच, आता त्यात ते नाव नाहीच आहे. असा विचार डोक्यात येऊ शकतो, याचीच किळस आली.

१० डिसेंबर

हंबीरकाकांना म्हणालो, नावं परत टाकतो. काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी समजूत घातली. "टाक की. पर मार्च होऊ दे. आत्ता टाकलंस तर समदी म्हंत्याल, ह्यानं बनवलंच न्हवतं. काम चांगलं चाललंय रं. लोकांची जुनी मशिनं भंगारात जायाची वाचली. एका पोरीच्या नावासाठी घालवतोस काय ते?"

मला पटलं नाही, पण मी मान हलवली. मान हलवायची सवयच लागलीय मला.

आबा सगळ्यांना व्हॉट्सॲपवर सत्काराचा फोटो पाठवतात. पलटणीतल्या जुन्या दोस्तांना, पंजाबपर्यंत. आज एकाचा उलट फोन आला, तर आबांनी हिंदीत माझी तारीफ केली. मी मोरीत जाऊन उगाच हात धूत बसलो.

२१ डिसेंबर

रेश्मा मंडळातून बाहेर पडली. मी घडलेलं सगळं तिला सांगितलं होतं, तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तिचा नंबर शोधणं फार अवघड नाही, दादा. भाषांतर करणाऱ्यांचा ग्रुप आहे. तुम्ही कधी बघितलाच नाहीत." नंबर पाठवला आणि त्याखाली लिहिलं, 'मी आता मंडळात नाही.'

नंबर समोर आहे. बोलायचं काय?

२४ डिसेंबर

केला फोन. समीक्षाचा आवाज शांत. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "व्हय, ओळखते. तुमचा फोटो रोज बघतात आमच्या गावात."

मी माफी मागितली. सगळं सांगितलं. यादी मी काढली, आजीची गोष्ट खोटी, ओट्यावर मी मुद्दाम नाही म्हणालो. ती ऐकत होती. पाठीमागं मेंढरांचा आवाज येत होता.

"मला फोनवर सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय मी केलंय. बा घरी आला आन् म्हणाला, चार वर्सं फशिवलंस मला. त्या दिवसापासनं बोलत न्हाई माज्याशी. लॅपटॉप आत्याच्या घरी नेऊन ठेवलाय. मामा स्थळं बघाय लागलाय. तुमी त्याला सांगा. त्याला एकट्याला नको. हसली ती माणसं असतील तवा सांगा."

मी विचारलं, बाजाराच्या दिवशी येऊ का? ती म्हणाली, "या."

'सगळ्यांसमोर नको' असं ती म्हणेल, अशी कुठंतरी आशा होती मला. ती आशा होती हेही इथं लिहून ठेवतो.

३ जानेवारी २०२६

यादी जशीच्या तशी परत टाकली. माझं नाव, फोटो काढला. सगळ्या संस्थांना नवी आवृत्ती पाठवली. काकांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "तुजं तू बघ बाबा."

आबांना मात्र समोर बसून सांगितलं. आजीची गोष्टही. त्यांनी चहा संपवला, कप स्वतःच विसळला, मग म्हणाले, "जतला कवा जानार हायस?" म्हणालो, गुरुवारी. "जा," म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दानं जरा उभारी आली.

८ जानेवारी, गुरुवार. परतल्यावर

वाटलं होतं, लोक शिव्या देतील. कदाचित कुणी गचांडी धरेल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. मनातून मी ते मागत होतो, म्हणजे एकदाचं फिटेल.

बाजार भरला होता. मॅनेजरना सांगून धुळाला आणि त्याच्या भावकीला बोलावलं. समीक्षाही आली. साधीशी, चष्मा, डोक्यावरून ओढणी घेतलेली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभा राहून म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोललो. यातलं सगळं मराठी समीक्षानं लिहिलंय. तिचं नाव होतं. मी ते काढून माझं टाकलं. ही प्रणाली मी बनवलेली नाही." मग पडद्यावर यादी उघडली आणि मराठीखालचं नाव मोठ्यानं वाचलं. समीक्षा धुळा.

कुणी शिवी दिली नाही. मॅनेजरांचा चेहरा उलट उजळला. ते म्हणाले, "बघा, ह्याला म्हंत्यात मोठा माणूस. धुळाची अब्रू जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं साहेबांनी."

मी म्हणालो, "नाही, नाही, तसं नाही. खरंच तिनं..."

"असू द्या साहेब, कळतंय आमाला," भावकीतला एक म्हातारा म्हणाला. "तुमी कशाला खोटं बोलताय? घराण्याची माणसं तुमी. पोरीला पदरात घेतलंसा, लय झालं."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवला. शपथ घेतली. जितकं सांगावं तितक्या त्यांच्या माना कौतुकानं हलत होत्या. ज्या तरण्यानं त्या दिवशी चेष्टा केली होती, तो मोबाइलवर माझं शूटिंग घेत होता. त्यांना नावाशेजारी माणूस दिसला पाहिजे, असं आम्हीच त्यांना शिकवलं होतं. कारमधून उतरलेला मी त्यांना दिसत होतो. कोपऱ्यात उभी असलेली ती कुणाला दिसतच नव्हती.

धुळा पुढं आला. डोळे भरलेले. हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरगी चुकली. न्हाई त्ये बोलून बसली. तरीबी तुमी तिचं नाव घातलंसा. आता तिला मी कवा रागावनार न्हाई." आणि माझ्या बापाच्या वयाचा तो माणूस खाली वाकला, माझ्या पायाशी. मी मागं सरकलो, पण मागं टेबल होतं.

"बा, ऊठ," समीक्षा म्हणाली. मोठ्यानं नाही.

तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं, घोंगडं झटकून त्याच्या खांद्यावर नीट टाकलं. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी पुन्हा येतो. मी लिहून देतो. मी..."

"नका येऊ," ती म्हणाली. "आदी ते माजं नाव हुतं. आता तुमी दिलेलं झालं."

बाप पुन्हा पुन्हा वळून मला नमस्कार करत होता. ती त्याचा हात धरून त्याला गर्दीतून बाहेर घेऊन गेली.